सफरचंदं उतरवायचे दिवस

एप्रिल आला की मला रिकाम्या बाटल्यांचा राग यायला लागतो. एरवी वर्षभर त्या गराजमधल्या वरच्या फळीवर पालथ्या पडलेल्या असतात आणि कुणाला त्यांची आठवणही येत नाही. पण इथे सिडनीत, केलीव्हिलच्या आमच्या गल्लीत, उन्हाळा ओसरतो, सकाळी गाडीच्या काचेवर दव दिसायला लागतं, आमच्या लेकीच्या, ईराच्या, शाळेच्या युनिफॉर्मवर स्वेटर चढतो, आणि बाटल्या कधी काढायच्या हा प्रश्न घरात येऊन बसतो. तो मोठ्यांदा कुणी विचारत नाही. माझा नवरा मंदार अंगणात जाऊन झाडावरची जाळी उगाच ठाकठीक करून येतो. मी ओट्यापाशी उभी राहून त्याच्याकडे बघते आणि चहा उकळून वर येतो.

झाड एकच आहे. घर घेतलं तेव्हापासून मागच्या कुंपणाशी उभं आहे. एके काळी इकडे सगळ्या फळबागाच होत्या म्हणे. घरं बांधणाऱ्यांनी बाकीचं उपटलं, हे चुकून राहिलं असावं. हिरवी, आंबट, स्वयंपाकाची जात. नुसतं खाल्लं तर दात आंबतात. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी चार-दोन खाऊन पाहिली आणि उरलेली मंदारने दाताळ्याने गोळा करून बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये टाकली. पुढच्या वर्षी पुण्याहून माझे सासू-सासरे आले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तशाच पुन्हा भरलेल्या त्या बिनचं झाकण उघडून आत पाहिलं. "मेधा, हे फळ आहे गं," एवढंच म्हणाल्या. पण मला त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

तिथून हे सगळं सुरू झालं. जवळच कुणीतरी घर बदलत होतं, त्यांच्या गराज सेलमध्ये मंदारला फळं टिकवायचा जुना संच मिळाला. पत्र्याचं उभट पातेलं, कडेला थर्मामीटर, काचेच्या बाटल्या, पातळ झाकणं, रबरी कडी आणि झाकण दाबून धरणारे पोलादी चाप. वर सालं काढायचं एक हाताने फिरवायचं यंत्रही. अण्णा, म्हणजे सासरे, पिंपरीच्या कारखान्यात फोरमन होते. त्यांनी ते यंत्र टेबलाला आवळलं, तेल दिलं, हँडल फिरवून पाहिलं, आणि सालाची एक अखंड पट्टी सुटून खाली आली तेव्हा त्यांच्या तोंडावर जे काही आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आईंना मात्र ती रीत अजिबात पटली नाही. साठवणीच्या लोणच्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा कायदा. ओल्या हाताने बरणीजवळ गेलं तर त्या घरच्या माणसालाही चार शब्द सुनवायच्या. आणि इथे बाटलीत पाणी ओतायचं, वर ती बाटली पुन्हा पाण्यातच उभी करायची. "पाण्यात बुडवून टिकतं का कधी काही?" त्या विचारत होत्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे उत्साहाने जंतू, उष्णता, निर्वात वगैरे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही ऑफिसला गेल्यावर, सगळ्या बाटल्यांची झाकणं उघडून आतली सफरचंदं कोरड्या पळीने हलवून ठेवली. लोणचं तिसऱ्या दिवशी हलवायचं असतं, नाही तर खालचं खाली राहतं आणि वरचं बुरसटतं. संध्याकाळी मी आले तर झाकणं नीट पुसून, उलटी मांडून वाळत घातलेली. त्या वर्षी आम्ही आठवडाभर तिन्ही त्रिकाळ सफरचंदच खाल्लं. पोळीशी, भाताशी, नुसतं. अण्णा प्रत्येक घासाला "छान टिकलंय हो" म्हणायचे आणि आई त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत.

पण पुढच्या खेपेपासून बाटल्या टिकल्या. एका वर्षाआड दोघं यायची, फेब्रुवारी सरता सरता, आणि सफरचंदं बाटल्यांत भरून मेमध्ये परत जायची. पुण्यातल्या नातेवाइकांना वाटायचं ती नातीसाठी जातात. ईरालाही तसंच वाटायचं. मला वाटतं, ती त्या चार दिवसांसाठी यायची. अण्णा यंत्र फिरवणार, आई चकत्या बाटलीत रचणार, लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबून दाबून, मध्ये एक लवंग आणि दालचिनीचा तुकडा. बोलणं जवळजवळ नाहीच. "हं." "थांबा." "जाड येतंय साल." "भरताना फटी ठेवू नकोस." "तुम्ही सालं काढा." पन्नास वर्षांच्या संसारात बोलण्यासारखं सगळं बोलून झालेली ती दोन माणसं एकमेकांच्या हाताकडे न बघता फळ द्यायची आणि घ्यायची, आणि एकही खाली पडत नसे. मंदार आणि मी साधी बेडशीट घडी घालतो तरी आमचं भांडण होतं.

महामारीच्या त्या पहिल्या वर्षी आई पुढे आल्या. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते तीन आठवड्यांनी येणार होते, सफरचंदं उतरवायच्या वेळेला बरोब्बर. आईंना विमानात कुणा विद्यार्थ्याच्या आईची सोबत मिळाली होती, तरी आल्या त्या घाबरलेल्याच. एकटीने केलेला तो त्यांचा पहिला प्रवास. माहेराहूनही त्या कधी एकट्या परतल्या नव्हत्या. आमच्या घरची ती रीतच होती. वाईला जायच्या त्या भावाबरोबर किंवा कुणाच्या सोबतीने, पण परतायच्या दिवशी अण्णा न्यायला जायचे. एसटीने जाणार, दुपारी तिथे जेवणार, चारच्या गाडीने बायकोला घेऊन येणार. साठी उलटली तरी. मी एकदा थट्टा केली होती, "अण्णा, त्या काय वाट चुकणार आहेत?" तर म्हणाले, "ती नाही चुकायची. पण मी न्यायला गेल्याशिवाय ती निघत नाही, आणि मलाही ती आल्यासारखी वाटत नाही."

अण्णांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या आठवड्यात इकडची दारं बंद झाली आणि तिकडचीही. मग एप्रिल आला. सफरचंदं काही बॉर्डर बघून पिकत नाहीत.

त्या वर्षीचं मला सगळं आठवतं, कारण मी तेव्हा घरात असायचे फार कमी. वेस्टमीडच्या आमच्या लॅबमध्ये स्वॅबच्या नळ्यांचे ढीग येत होते, शिफ्ट संपायचीच नाही. घरी आले की गराजमध्ये कपडे उतरवायचे, तिथूनच न्हाणीघरात, केसांवरून पाणी घेऊन मगच माणसांत. आई दारातून बघायच्या. "हेच मी इतकी वर्षं सांगत होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही मला सोवळ्याची म्हणून हसलात."

त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. इकडे दुपारचे दोन, तिकडे पुण्यात अण्णांच्या सकाळच्या दुसऱ्या चहाची वेळ. यंत्र मंदारच्या हातात आलं होतं आणि त्याला ते धड जमत नव्हतं. पलीकडे अण्णांनी हातगाडीवाल्याकडून चार लाल सफरचंदं मिळवली होती आणि ते सुरी घेऊन बसले होते. इकडे एक सोललं की तिकडे एक. नुसती सोबत म्हणून.

"जाड काढताय सालं," आई फोनकडे न बघता म्हणाल्या.

"सुरी आहे ही. यंत्र तुझ्याकडे राहिलंय."

"मग या की. यंत्रही आहे, मीही आहे."

"येतो. बॉर्डर उघडली की न्यायला येतो."

"जेवलात का काल रात्री?"

"खिचडी केली होती. जरा लागली. पण वरची चांगली होती."

आईंनी चमच्याचा दांडा बाटलीत जरा जास्तच जोरात दाबला. आपला नवरा पन्नास वर्षांत पहिल्यांदा भात लावतोय आणि आपण दहा हजार किलोमीटरवर परक्याच्या देशात सफरचंदं रचतोय, याचं दुःख होतं की लाज, मला कळलं नाही. दोन्ही असावं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आंबट ढेकर येतायत म्हणाल्या.

थंडीत झाडाची पानं गळाली आणि आईंचा जीव वर-खाली व्हायला लागला. दर वेळी त्या मेमध्ये परत जायच्या, त्यामुळे त्यांनी ते उघडंबोडकं कधी पाहिलंच नव्हतं. "मेलं का गं हे?" त्या रोज विचारायच्या आणि मी नको नको म्हणत असताना बादली घेऊन पाणी घालून यायच्या. मग सप्टेंबर सरता सरता एका सकाळी त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. फांद्यांवर गुलाबी कळ्या आणि पांढरी फुलं, पानांआधीच निघाल्यासारखी. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला, तिकडे पहाट होती याचं भान न ठेवता. "अहो, उठा. फुलं बघा. इतकी वर्षं आपण नुसती सफरचंदंच खाल्ली." अण्णा झोपेतल्या आवाजात म्हणाले, "फोन सरळ धर, मला आकाशच दिसतंय."

मधल्या काळात एकदा परतीची संधी आली होती. अडकलेल्या लोकांना नेणाऱ्या विमानात मंदारने कसंबसं आईंचं नाव लावलं. आईंनी बॅग भरली. भेटीचे बदाम, माझ्या हातचा केक, आणि सफरचंदाच्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून. आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला. त्यांच्या सोसायटीतली दोन माणसं त्या आठवड्यात गेली होती. ते म्हणाले, "येऊ नकोस. तिथं सुखरूप आहेस. थोडं थांब, मी येतो ना न्यायला." आईंनी फोन ठेवला आणि बॅगेतून बाटल्या काढून परत कपाटात ठेवल्या. "बरं झालं," मला म्हणाल्या, "एकटीला मेलं त्या विमानतळावर काही सुधरलं नसतं." पण बॅग त्यांनी पूर्ण रिकामी केली नाही. पलंगाच्या पायथ्याशी ती तशीच अर्धी भरलेली असायची आणि झाडताना मी ती उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे.

जानेवारीतल्या एका दुपारी त्या जेवून पडल्या आणि उठल्या नाहीत. हृदय. कोविड नाही, ताप नाही, काही नाही. त्या विषाणूला घरात येऊ द्यायचं नाही म्हणून मी वर्षभर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता, दाराच्या मुठीसुद्धा पुसत होते, आणि मृत्यू त्या वाटेने आलाच नाही. ईरा शाळेला सुट्टी म्हणून घरीच होती. तिनेच आजीला चारच्या चहाला हाक मारली.

अण्णांनी सगळं फोनवर पाहिलं. मोजकी माणसं, लांब लांब ठेवलेल्या खुर्च्या, पडदा, बटण. ते रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, तिला कुठली साडी नेसवलीय, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "बरोबर." मग अस्थींचा प्रश्न आला. गुरुजींनी व्हिडिओवर सांगितलं होतं की परिस्थिती अशी आहे, तिकडच्या नदीत किंवा समुद्रात विसर्जन केलंत तरी चालेल. मंदारही तेच म्हणत होता.

"नाही," अण्णा म्हणाले. "तिला मी न्यायला येतो म्हणालो होतो. म्हणूनच ती तिथं थांबली. तू तिला कुठंही सोडू नकोस, मंदार. मी येईपर्यंत ठेव."

"कधी येणार अण्णा? नोबडी नोज. वर्ष लागेल कदाचित."

"मग वर्षभर ठेव. घरात ठेवू नका, झाडाला टांगा."

अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगून ठेवतात. लहानपणी गावी मी एकदा पाहिलं होतं, लांबून. बघू नको म्हणून आजोळच्या मामीने माझं तोंड फिरवलं होतं. पण ते दोन-तीन दिवसांचं असतं. आणि आमच्याकडे झाड म्हणजे तेवढं एकच. इथे स्मशानातून राख आली ती करड्या प्लॅस्टिकच्या डब्यात, वर छापील चिठ्ठी. मंदारने डबा पावसाला टिकेल असा बांधला, मी तो आईंच्या जुन्या सुती साडीच्या पिशवीत घातला, आणि आम्ही दोघांनी मिळून ती जाड फांदीला, रात्री झाडांवर हिंडणाऱ्या पॉसमला पोचता येणार नाही अशा बेताने, टांगली. सफरचंदं तेव्हा लिंबाएवढी झाली होती. काकाकुव्यांपासून वाचवायला झाडावर जाळी होतीच. ती पुन्हा ओढून घेतली.

आणि झाडाला काय त्याचं. ते आपलं पिकत गेलं. मार्चमध्ये फांद्या वाकल्या, त्या फांदीवर तर सगळ्यात जास्त. मंदार म्हणाला, यंदा हात लावायचा नाही. मी वाद घातला नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी फोनवर मुद्दाम सांगितलं, बाई गं, त्या झाडाचं खाऊ नका, आणि कुणाला देऊही नका. मी "बरं" म्हणाले आणि मग दिवसभर त्यांच्यावर मनात चिडत राहिले. सफरचंदं गळायला लागली. जाळीच्या आत, गवतावर, एकावर एक. आधी गोड वास यायचा, मग ताडीसारखा. माश्या घोंघावायला लागल्या. स्वयंपाकघराची मागची खिडकी मी बंदच ठेवायला लागले. तिकडे पुण्यात तेव्हा दुसरी लाट होती, अण्णा दाराबाहेर पाऊल टाकत नव्हते, आणि भारतातून येणारी विमानं पार बंद झाली होती. रोज संध्याकाळी फोन यायचा. मंदार फोन घेऊन अंगणात जायचा, पिशवी दाखवायचा. अण्णा बघायचे, हात जोडायचे. तेवढंच.

एकदा त्यांनी विचारलं, "खाली ते काय पडलंय?"

मंदारने कॅमेरा वर घेतला. "काही नाही."

"खाली धर."

मंदारने धरला. मी दारात उभी होते. अण्णांचा चढलेला आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. "लाज वाटत नाही तुम्हाला? तिच्या डोळ्यांदेखत फळ कुजवताय?"

"अण्णा, आय कान्ट. मला नाही जमणार. ती तिथं..."

"ती तिथं आहे म्हणूनच सांगतोय. तिला खपलं असतं का हे? बाटल्या काढ. यंत्र काढ. मी इथं बसलोय, फोन ठेवू नकोस."

त्या शनिवारी आम्ही शिडी लावली. पिशवीला धक्का लागू नये म्हणून त्या फांदीवरची सफरचंदं मंदारने एकेक करून, दोन्ही हातांनी, उतरवली. बाटल्या मी रचल्या. मला आईंसारखं दाबून भरता येत नाही, चकत्या वर तरंगतात. पलीकडे अण्णा काही न सोलता, हाताची घडी घालून, शेवटच्या बाटलीला चाप लागेपर्यंत बसले होते. पण ती सफरचंदं आम्ही खाल्ली नाहीत. काकूंचं ऐकलं असं नाही. बाटली हातात घेतली की मी परत ठेवायचे, मंदार तर कपाटच उघडत नसे.

मग सिडनी पुन्हा बंद झाली, थंडी आली, पानं झडली आणि पिशवी सगळ्यांना दिसायला लागली. शेजारचा लियम कुंपणावर चढून ईराशी गप्पा मारायचा. एकदा त्याने विचारलं, "व्हॉट्स इन द बॅग?"

"माय आजी," ईरा म्हणाली. "शी'ज वेटिंग फॉर आजोबा टू पिक हर अप."

"ओह. ओके," लियम म्हणाला, आणि ती दोघं पुन्हा त्यांच्या गेमविषयी बोलायला लागली. माझे हात साबणाच्या पाण्यात होते. बरं होतं, सुटीच्या दिवशी दुपारी उगाच रडत बसायला मला आवडत नाही.

पुढच्या वर्षी पाहुण्यांना दारं उघडली आणि मार्चमध्ये अण्णा आले. मंदार म्हणाला होता, मीच घेऊन येतो तिला, तुम्ही या वयात कशाला. त्यांनी त्याचं बोलणं पुरतं होऊही दिलं नाही. विमानतळावर ते बाहेर आले तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. शर्ट जणू दुसऱ्या कुणाचा घातलाय इतका सैल. घरी आल्यावर ते बूट न काढता, पाणी न पिता, सरळ मागच्या दाराने अंगणात गेले. जाळी वर उचलली आणि वाकून आत शिरले. मी खिडकीतून पाहिलं. ते पिशवीवर तळहात ठेवून उभे होते. कुणाला ताप आहे का बघावं तसा. बराच वेळ. मग त्यांनी दोरी चाचपली.

"गाठ कुणी मारली?"

"मी," मंदार जाळीबाहेरून म्हणाला.

"चांगली मारलीस."

मंदार तिथेच गवतावर बसला. तो रडला ते तेव्हा, इतक्या महिन्यांनी.

आम्हाला वाटलं अण्णा दोन दिवसांत परतायचं म्हणतील. पण ते म्हणाले, सफरचंदं उतरून होऊ देत. काम अर्धवट टाकून ती निघायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच कपाटाशी गेले, आधीच्या वर्षीची एक बाटली काढली, कडेवरून बोट फिरवून पाहिलं, झाकण उचकटलं. मी पोळ्या करत होते. त्यांनी ताटात सफरचंद वाढून घेतलं, पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्लं. मी लाटणं धरून उभी.

"साखर कमी पडलीय," ते म्हणाले. आणि मग, "बस, मेधा. तूही घे."

मी घेतलं. साखर कमीच पडली होती.

तो महिना ते होते. यंत्र पुन्हा त्यांच्याकडे आलं, बाटल्या माझ्याकडे. ते सोललेलं फळ पुढे करायचे आणि मी ते घ्यायला उशीर करायचे. मग त्यांना मान वर करून बघावं लागायचं, समोर कोण आहे ते. दर वेळी. मला त्यांच्या त्या वर बघण्याची भीतीच बसली. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या हाताकडे डोळे लावून बसायचे, म्हणजे त्यांना बघावं लागू नये.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पिशवी सोडली. कापू दिली नाही, गाठच सोडवत बसले. मंदार बरोबर जाणार होता, कागदपत्रं त्याच्याजवळ. तो सांगतो, सबंध प्रवासात अण्णांनी डबा वरच्या कप्प्यात ठेवायला दिला नाही. उतरणं आणि उडणं सोडलं तर मांडीवरच. हवाई सुंदरीने विचारलं, यांना काही खायला हवं का, तेव्हा ते म्हणाले, घरी जाऊन जेवू. नदीवर त्यांनी स्वतः सगळं केलं. पाण्यातून वर आले आणि मंदारला म्हणाले, "झालं बाबा. आणली."

तेव्हापासून ते आले नाहीत. गुडघा, मग रक्तदाब, मग सोसायटीची मीटिंग. दर वर्षी वेगळं कारण. आम्हीही समजून घेतो म्हणतो. खरं तर आम्ही समजून घेत नाही, फक्त जास्त विचारत नाही. यंदा झाड लवकरच लगडलं. परवा रविवारी मंदारने यंत्र टेबलाला आवळलं, तेल दिलं, आणि माझ्याकडे बघून फोन लावला. अण्णा चहा पीत होते.

"अण्णा, या ना. तिकीट काढतो मी. सफरचंदं यंदा खूप आहेत, माझ्या एकट्याच्याने होत नाहीत."

"होतील, होतील. सावकाश कर."

"बिझनेस क्लासने या. गुडघ्याला त्रास नाही होणार."

"तसं नाही रे." अण्णांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "आता तिथनं कुणाला न्यायचंय?"

मंदारचा हात हँडलवर होता. "मी आहे ना अण्णा," तो म्हणाला.

मग अण्णा म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "तुला कुठं न्यायचंय रे बाळा? तू तर तुझ्या घरीच आहेस."

मंदार "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?